कुपी उघडणारा हात

रोज सकाळी साडेसात वाजता मी आईच्या इन्सुलिनची कुपी फ्रिजच्या मधल्या कप्प्यातून बाहेर काढते. कुपीवर चिकटपट्टीचा लहानसा तुकडा लावलेला असतो आणि त्यावर ती पहिल्यांदा टोचली त्या दिवसाची तारीख. तारीख पाहायची, दुधाळ इन्सुलिन दोन तळव्यांत हलकेच घोळवून एकसारखे करायचे, मग स्पिरिटच्या बोळ्याने रबरी बूच पुसायचे आणि ते पूर्ण वाळेपर्यंत थांबायचे. या थांबण्याचाच आईला कंटाळा येतो. चौऱ्याऐंशी वर्षांची आई अजून अस्सल कोल्हापुरी बोलते. ‘‘किती पुसतीस गं? बूच झिजंल एखाद्या दिवशी,’’ असे म्हणते आणि वर, ‘‘आवर निवांत, मी बसतो तवर,’’ अशी सवलतही देते. तिच्यापुढे भाकरी निवत असते, कारण इन्सुलिन टोचल्यावर अर्ध्या तासाने तिला जेवायचे असते.

ही माझी सवय आजची नाही. निवृत्त होऊन मंगळवार पेठेतल्या या घरी परतण्यापूर्वी बत्तीस वर्षे मी इंजेक्शनच्या कारखान्यात, कुप्या भरण्याच्या विभागात काम केले. शेजारच्या बायकांची समजूत अशी, की मी औषधे खोक्यात भरत असे. एका अर्थी ते खरेच आहे. आम्ही भरतच होतो. फक्त त्या भरण्यात औषधाखेरीज दुसरे काहीही आत जाऊ नये, यासाठी सगळा खटाटोप होता.

गोळी पोटात जाते, आणि पोटाला स्वतःची राखण असते. जठरातले आम्ल बहुतेक जंतूंचा समाचार घेते. इंजेक्शन ही चौकी ओलांडून थेट स्नायूत किंवा रक्तात उतरते. म्हणून गोळीच्या बाबतीत थोडी तडजोड चालते, कुपीच्या बाबतीत नाही. सलाइनसारखे द्रव भरून, बंद करून, मग वाफेच्या दाबाखाली तापवता येतात, आणि तिथे काम तुलनेने सोपे असते. पण इन्सुलिन हे प्रथिन आहे. उकळत्या पाण्यात अंड्याच्या पांढऱ्याचे जे होते, तेच त्याचेही होईल. बहुतेक लसी आणि कित्येक प्रतिजैविके यांनाही उष्णता सोसत नाही. अशा औषधांच्या बाबतीत एकच मार्ग उरतो. काच, बूच, द्रव आणि हवा यांतली प्रत्येक गोष्ट वेगवेगळी निर्जंतुक करायची आणि मग ती एकत्र आणायची. एकत्र आणण्याचे ते काही क्षण, जेव्हा कुपीचे तोंड उघडे असते, तेच आमचे कार्यक्षेत्र.

काचेच्या कुप्या धुऊन ३०० अंशांहून अधिक तापलेल्या बोगद्यातून सरकत येतात. एवढी उष्णता जंतू मारण्यापुरती लागत नाही. मेलेल्या जंतूंचे अवशेषसुद्धा रक्तात गेले तर हुडहुडी भरून ताप येतो, म्हणून ते अवशेषही जाळावे लागतात. रबरी बुचे १२१ अंशांच्या वाफेत निघतात. औषधाचा द्रव ०.२२ मायक्रॉन छिद्रांच्या गाळणीतून येतो. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो, त्यावरून कल्पना करावी. आणि वरून गाळलेली हवा संथपणे, सलग, पाण्याच्या पडद्यासारखी खाली उतरत असते. या भागातल्या एक घनमीटर हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण ३,५२० पेक्षा अधिक असता कामा नयेत. साध्या खोलीच्या हवेत हीच संख्या कोटींत जाते.

एवढ्या व्यवस्थेत घाण येते कुठून? माणसातून. यंत्र खोकत नाही, त्याला घाम येत नाही आणि त्याची त्वचा झडत नाही. आपली त्वचा मात्र बसल्याजागी सतत झडत असते, आणि प्रत्येक कणावर जंतूंची बिऱ्हाडे असतात. म्हणून त्या खोलीत जाताना आम्ही माणूसपण शक्य तितके बाहेर ठेवून जात असू. घड्याळ, अंगठी, पावडर, काजळ काही नाही. नव्याने लग्न झाले तेव्हा टिकली, बांगड्या आणि मंगळसूत्र रोज कपाटात ठेवून आत जाणे माझ्या सासूबाईंना फार लागले होते. पुढे कितीतरी वर्षे त्या ‘‘तुमच्या त्या खोलीत’’ एवढेच म्हणत. डोक्यापासून पायापर्यंत एकसंध पांढरा पोशाख, डोळ्यांवर चष्मा, हातमोज्यांवर हातमोजे. बोलायचे नाही. चालायचे ते डोक्यावर भरलेली घागर असल्यासारखे, कारण झटकन वळले की अंगावरची हवा ढवळते. उघड्या कुपीवरून हात न्यायचा नाही, कारण वरून येणारी स्वच्छ हवा प्रथम हाताला लागून मग कुपीत उतरेल.

‘‘अगं, हे तर सोवळंच की,’’ असे आई एकदा म्हणाली होती. मीही प्रथम तसेच समजत असे. पण सोवळ्यात भीती दुसऱ्याच्या स्पर्शाची असते. इथे संशय घ्यायचा तो फक्त स्वतःच्या त्वचेचा. हे समजायला सोपे आहे. मानायला मला सतरा वर्षे लागली.

त्याविषयी सांगण्यापूर्वी एक हिशेब सांगितला पाहिजे, कारण तो औषध घेणाऱ्या फारच थोड्या लोकांना ठाऊक असतो. तयार झालेला घाणा निर्जंतुक आहे की नाही, हे तपासण्यासाठी त्यातल्या साधारण २० कुप्या फोडतात आणि चौदा दिवस पोषक द्रवात ठेवून काही वाढते का ते पाहतात. समजा, हजारात एक कुपी दूषित आहे. तर या परीक्षेत ती सापडण्याची शक्यता शेकडा दोन. उरलेल्या अठ्ठ्याण्णव वेळा घाणा निर्दोष म्हणून बाहेर पडेल. सगळ्या कुप्या तपासाव्यात म्हटले तर एकही विकायला उरणार नाही. म्हणजे कुपी शुद्ध आहे हे कुपीकडे पाहून कळतच नाही. ती भरताना त्या खोलीत कोण कसे वागले, यावरच विसंबावे लागते.

हे वागणे तपासण्याची एक रीत आहे. वर्षातून दोनदा औषधाऐवजी जंतूंचे खाद्य, सोयाबीनपासून केलेला पोषक रस, खऱ्या कुप्यांत भरतात. तीच माणसे, तेच यंत्र, तीच पाळी. मुद्दाम अडचणीही घडवून आणतात. कुपी आडवी पडते, बूच अडकते, माणसे थकतात. असल्या हजारो कुप्या चौदा दिवस उबेत ठेवायच्या. औषधात जंतू गप्प राहू शकतो, या रसात राहत नाही. एकही कुपी गढूळ होता कामा नये.

२००७ च्या मे महिन्यातल्या अशाच एका परीक्षेत मी रांगेवर होते. पाळी संपायला वीस मिनिटे उरली होती. बुचांच्या पात्रात एक बूच आडवे अडकले, ते मी चिमट्याने सोडवले, आणि हात मागे घेताना यंत्राच्या संरक्षक पत्र्याच्या कडेला अंगठा घासला. हातमोज्याला तांदळाच्या कण्याएवढा फाटा गेला. आतला हातमोजा शाबूत असेल, असे मला वाटले. म्हणजे मी तसे ठरवले. नियम स्पष्ट होता : रांग थांबवायची, बाहेर यायचे, नोंद करायची, सगळा पोशाख नव्याने चढवून आत जायचे. त्यात पाऊण तास गेला असता, कंपनीची बस सुटली असती, आणि दाराशी टांगलेल्या फळ्यावर आमच्या पाळीपुढे कमी आकडा लागला असता. त्या फळ्यावर रोज किती कुप्या भरल्या ते लिहीत. वीस मिनिटे, एवढाच प्रश्न होता. पात्रात आणखी दोन बुचे अडकली, तीही मी त्याच हाताने सोडवली.

बाहेर पडताना प्रत्येकाने दहाही बोटे जेलीच्या थाळीवर टेकवायची असतात. तिसऱ्या दिवशी माझ्या उजव्या हाताच्या थाळीवर अंगठ्याच्या ठशात दोन पांढरे ठिपके उगवले. मला विचारले गेले, तेव्हा मी म्हणाले, ‘‘थाळी उघडताना काही पडले असेल.’’ विचारणारी मुलगी माझ्याहून बारा वर्षांनी लहान होती. तिने ते लिहून घेतले. चार दिवस मी नेमाने कामावर गेले, डबा खाल्ला, लेकीला अभ्यास घेतला. सातव्या दिवशी कुप्यांची पहिली पाहणी झाली. जवळजवळ नऊ हजार कुप्यांतल्या दोन गढूळ होत्या. ट्रे वेळेनुसार क्रमाने लावलेले असतात. दोन्ही कुप्या अखेरच्या वीस मिनिटांतल्या.

त्या सायंकाळी मी विभागप्रमुखांच्या खोलीत जाऊन सगळे सांगितले. दोन गढूळ कुप्यांतले जंतू आणि माझ्या थाळीवरचे जंतू एकाच जातीचे, माणसाच्या त्वचेवर राहणारे निघाले. त्या रसात औषध नव्हते, कुणाला ते टोचले जाणार नव्हते. पण मागची परीक्षा उत्तीर्ण झाली तेव्हापासून भरलेला प्रत्येक घाणा आता संशयात आला होता. गोदामातला माल अडकला. रांग बंद झाली आणि ओळीने तीन परीक्षा निर्दोष झाल्यावरच पुन्हा सुरू झाली. मला काढले नाही. सहा महिने भरणीच्या खोलीबाहेर ठेवले. प्रमुखांनी आवाज चढवला नाही, याचेच मला तेव्हा अधिक वाईट वाटले. ते म्हणाले, ‘‘बाई, फाटा दिसताच सांगितलं असतं तर मी पाऊण तास रागावलो असतो. एवढंच झालं असतं.’’ पुढच्या सोमवारी दाराजवळचा फळा नव्हता. तो कुणी काढला, याची चर्चा झाली नाही.

मुल्कोवालची हकीकत मी त्यांच्याकडूनच ऐकली. इंजेक्शनचा व्यवसाय करणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने ती ऐकलेली असावी, कारण तिचे एक टोक मुंबईत, परळला आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि ओडेसात जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या लहानशा जागेत लस शोधू लागले. तिच्यासाठी प्लेगचे जंतू ते मांसरसात वाढवीत आणि वर साजूक तुपाचे थेंब सोडीत. त्या थेंबांना धरून जंतूंचे धागे खाली लोंबत. आपल्या स्वयंपाकघरातले तूप त्या प्रयोगशाळेत असे उपयोगी पडले होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली, लाखो लोकांसाठी लस तयार होऊ लागली. प्लेग कोल्हापुरातही पोहोचला होता. गाव सोडून माळावर झोपड्यांत राहिल्याच्या गोष्टी आईची आजी सांगत असे. उंदीर मेलेला दिसला की आई आजही दचकते, ती त्या गोष्टींमुळे.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना ही लस टोचली गेली. त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. हे १९ जण एकाच बाटलीतली लस घेतलेले होते. बाटलीचा क्रमांक ५३-एन. ती परळला भरलेली. चौकशी समितीचा ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला. मागणी वाढल्यावर हाफकिन यांनी कृती बदलून लसीतले कार्बोलिक आम्ल वगळले होते, हेही त्यांच्याविरुद्ध गेले. त्यांना निलंबित करण्यात आले आणि त्यांनी हिंदुस्थान सोडला. पण नोंदींत एक गोष्ट सुरुवातीपासून होती : टोचणीच्या दिवशी सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो योग्य रीतीने निर्जंतुक न करताच त्याने त्या बाटलीचे बूच काढले होते. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. बाटली भरून एक्केचाळीस दिवस झाले होते. घात झाला तो ती उघडतानाच्या क्षणी. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ साली ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून बाजू मांडली, तेव्हा कुठे हाफकिन दोषमुक्त झाले. ते परत आले, पण कलकत्त्याला; परळला नाही. १९२५ मध्ये परळच्या त्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले.

प्रमुखांनी ही गोष्ट मला धीर देण्यासाठी सांगितली होती की बोचण्यासाठी, ते मला अजून उमगलेले नाही. माझ्या हातातही चिमटाच होता. फरक इतकाच, की त्या सहायकाचा चिमटा पडताना इतरांनी पाहिला होता.

आता आईच्या कुपीकडे परत येते. तिच्या ३०/७० इन्सुलिनला हुंगले तर दवाखान्यासारखा एक उग्र वास येतो. तो फिनॉल आणि मेटाक्रेसॉल या संरक्षक द्रव्यांचा. फिनॉल म्हणजेच ते जुने कार्बोलिक आम्ल. एकच कुपी पुन्हापुन्हा टोचायची असल्याने ते घालावेच लागते. चुकून आत गेलेला एखादा जंतू ते थोपवते. मात्र त्याच्या भरवशावर निष्काळजी राहता येत नाही, आणि उघडलेली कुपी साधारणतः चार आठवड्यांपलीकडे वापरू नये, ती याचमुळे. नेमकी मुदत वेष्टनातल्या कागदावर असते. कुपीवर छापलेली शेवटची तारीख ही न उघडलेल्या कुपीची असते, आणि पुष्कळ घरांत इथेच घोटाळा होतो. तळाशी औषध उरले म्हणून जीव तुटतो. माझाही तुटतो, अठ्ठाविसाव्या दिवशी मी ते टाकते.

ज्या कुपीवर एका मात्रेसाठी असे लिहिलेले असते, तिच्यात बहुधा असे संरक्षण नसते. ती अर्धी वापरून उरलेली संध्याकाळसाठी ठेवणे म्हणजे चौदा दिवसांच्या त्या उबेच्या परीक्षेला घरी आमंत्रण देणे होय. पाणी घालून तयार करायच्या गोवराच्या लसीचेही तसेच. ती काही तासांतच संपवायची किंवा टाकायची असते, म्हणून लसीकरणाच्या दिवशी आरोग्यसेविका बालके जमेपर्यंत कुपी फोडायला टाळाटाळ करते, तेव्हा तिच्यावर रागावू नये. टोचण्यापूर्वी कुपी उजेडासमोर धरून पाहावी. कारखान्यात आमच्या मुली प्रत्येक कुपी पांढऱ्या आणि काळ्या पडद्यासमोर पाच-पाच सेकंद धरीत असत. स्वच्छ असायला हवे ते औषध गढूळ दिसले, तंतू तरंगताना दिसला, झाकण सैल असले, तर ती कुपी दुकानदाराकडे परत न्यावी. पण डोळ्यांना काही न दिसणे हा पुरावा नव्हे, हे आता वेगळे सांगायला नको.

गेल्या पावसाळ्यात मामांना ताप आला. ते कागल तालुक्यातल्या एका खेड्यात राहतात. त्यांना घेऊन मी तिथल्या एका लहानशा दवाखान्यात गेले. टेबलावर स्टीलच्या ट्रेमध्ये औषधाची मोठी कुपी होती, आणि तिच्या रबरी बुचात एक सुई उभी रोवलेली होती. आलेल्या प्रत्येकासाठी नवी सिरिंज त्या सुईला लावायची, औषध ओढायचे, सिरिंजला दुसरी सुई लावून टोचायचे. कुपीतली सुई तशीच. बाहेर पाऊस होता, बाकावर चिखलाने भरलेल्या पायांची दहा-बारा माणसे होती, दारातून माश्या येत होत्या. त्या सुईच्या पोकळीतून बाहेरची हवा थेट औषधात उतरत होती.

मी लगेच बोलले नाही. बोलले तर मामांच्या गावात मामांना अवघड होईल, डॉक्टर चिडतील, आपण पाहुणे, आजच्या एका दिवसाचा तर प्रश्न. असे सगळे मनात येऊन गेले. हा विचार मला ओळखीचा वाटला. वीस मिनिटांचाच तो. मामांची बाही वर सारली गेली तेव्हा मी म्हणाले, ‘‘दादा, मामांसाठी नवी कुपी फोडाल का? पैसे देते मी.’’

कंपाउंडर चांगला मुलगा होता. म्हणाला, ‘‘ताई, सिरिंज नवीच हाय की. सुईबी नवी.’’

‘‘टोचायची सुई नवी आहे. बुचातली?’’

‘‘ती कुणाला टोचतच न्हाई.’’

त्याचे म्हणणे त्याच्या परीने बिनतोड होते. मी त्याला सांगितले, की बूच रबराचे का असते. सुई काढली की रबर पुन्हा मिटते, भोक बुजते. सुई आत ठेवली तर ते बूच राहतच नाही. आतून डॉक्टर आले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, कुपीकडे पाहिले, काही न बोलता कपाटातून नवी कुपी काढून दिली. झाकण उघडल्यावर बूच पुसायला मी माझ्या पर्समधला स्पिरिटचा बोळा पुढे केला, तो मात्र मुलाने हसून नाकारला आणि स्वतःच्या डब्यातला घेतला. बाहेर पडताना मी वळून पाहिले. सुई रोवलेली जुनी कुपी ट्रेमध्ये तशीच उभी होती आणि पुढचे आजोबा सदऱ्याची बाही गुंडाळत होते. मी दारात थांबले. मामा म्हणाले, ‘‘चल, रिक्षा उभी हाय.’’ मी परत आत गेले. त्या आजोबांसाठीही नवी कुपी मागितली, तेव्हा डॉक्टरांनी जुनी उचलून पिवळ्या बादलीत टाकली. जरा जोरातच टाकली.

चार दिवसांनी मामांना दाखवायला पुन्हा जावे लागले. ताप उतरला होता. ट्रेमध्ये त्याच औषधाची कुपी होती, बुचात सुई नव्हती, आणि अंगावर चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर निळ्या शाईत तारीख घातलेली होती. मी येणार हे ठाऊक होते म्हणून ते तसे होते की रोजच तसे असते, हे त्या मुलाला विचारावेसे वाटले. विचारले नाही. त्याने बूच पुसले, आणि वाळेपर्यंत थांबला.